लिंकनच्या गावी, मेरीच्या भेटीला

आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये घड्याळाच्या बरोबर खाली एक चौकट टांगलेली आहे. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, ते त्या चौकटीत आहे. कवी वसंत बापट यांनी त्याला मराठी रूप दिले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर ते जाऊन बसले. बी.एड. करत असताना मी ते तोंडपाठ केले होते. नोकरीला लागल्यावर उर्दूच्या तासाला मुलींना त्याचा तर्जुमाही करून दिला. शिक्षक दिनाला आमच्याकडे कोणी ना कोणी ते वाचून दाखवतेच.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात कळले की, लिंकनच्या पत्रांच्या आणि भाषणांच्या छापील संग्रहात हे पत्र कुठेच नाही. घरी येऊन मी स्वतः शोधाशोध केली. खरेच नव्हते. पत्रातला उपदेश चांगलाच आहे, पण तो लिंकनचा म्हणायला पुरावा नाही. मन जरा खट्टू झाले. मग वाटले, ज्या बापाच्या नावावर आपण इतकी वर्षे हे पत्र वाचत आलो, त्याच्या घरात मुले खरोखर कशी वाढली? त्यांची आई कोण होती? तिच्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याचे उत्तर शोधायची संधी मिळाली. माझी आपा बावीस वर्षांपासून शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावात राहते. आदल्या वर्षी आमची अम्मी अल्लाहला प्यारी झाली, तेव्हा आपाला येता आले नाही. मातीला पोचू शकली नाही, याचे दुःख तिच्या मनात साचून राहिले होते. तिने तिकीट पाठवले आणि म्हणाली, "चार आठवडे माझ्याजवळ येऊन राहा." तिथे पोचल्यावर दुल्हेभाईंनी विचारले, "काय बघायचंय? नायगारा की न्यूयॉर्क?" मी म्हटले, "लिंकनचं गाव." दुल्हेभाई हसले. "शाळेच्या बाईच शेवटी!" म्हणाले, आणि शनिवारची गाडी काढली.

काळ्या मातीतला रस्ता

स्प्रिंगफिल्ड हे इलिनॉय राज्याच्या राजधानीचे गाव, शिकागोपासून सुमारे ३२० किलोमीटर नैर्ऋत्येला. रस्ता सरळ, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची शेते. मे महिना असल्यामुळे मक्याचे कोंब नुकतेच वर आले होते आणि मधली माती अगदी काळीभोर दिसत होती. आमच्या कृष्णाकाठची आठवण यावी अशी. विश्रांतीच्या एका थांब्यावर झाडाखाली चटई टाकून आम्ही जोहरची नमाज पढली, डब्यातला खिमा आणि चपात्या खाल्ल्या आणि पुढे निघालो.

वाटेत लिंकन नावाचेच एक गाव लागले. १८५३ साली, लिंकन अजून साधे वकील असताना, त्यांच्या नावावरून हे गाव वसले. नामकरणाच्या वेळी त्यांनी कलिंगडाचा रस जमिनीवर शिंपडला, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. पाण्याऐवजी कलिंगड! साधा माणूस, साधा विनोद.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत लाकडी ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात झाला. शाळेत गेले ते सगळे दिवस मोजले तर वर्षही भरत नाही. मेरी टॉड त्याच केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरात १३ डिसेंबर १८१८ रोजी एका श्रीमंत घरात जन्मली. त्या घरी गुलाम राबत होते. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली आणि सावत्र आई आली. पण शिक्षण तिला उत्तम मिळाले. ती फ्रेंच बोलत असे, राजकारणावर वाद घालत असे. थोरल्या बहिणीच्या घरी राहायला ती स्प्रिंगफिल्डला आली आणि तिथे या उंच, कफल्लक वकिलाशी तिची गाठ पडली. बहिणीला हे स्थळ पसंत नव्हते. तरीही ४ नोव्हेंबर १८४२ रोजी बहिणीच्याच घरात दोघांचे लग्न लागले. बहिणीचे ते घर वाचकांनी लक्षात ठेवावे.

आठव्या रस्त्यावरचे घर

लिंकन यांचे घर आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्ता यांच्या कोपऱ्यावर आहे. आजूबाजूच्या चार चौकांत मोटारींना बंदी आहे. फळ्यांचे जुने पदपथ, लाकडी कुंपणे, शेजाऱ्यांची घरे, सगळे त्या काळासारखे राखले आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, फक्त वेळेचे तिकीट घ्यावे लागते. १८८७ साली थोरला मुलगा रॉबर्ट याने हे घर इलिनॉय राज्याला देऊन टाकले, तेव्हा अटच घातली होती की घर नीट राखावे आणि बघणाऱ्यांकडून पैसे घेऊ नयेत. १९७१ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.

लिंकन दांपत्याने १८४४ साली हे घर घेतले. रोख १२०० डॉलर आणि जमिनीचा एक तुकडा, मिळून १५०० डॉलरचा व्यवहार. विकणारे होते डॉ. ड्रेसर, म्हणजे ज्यांनी त्यांचे लग्न लावले तेच पाद्री. तेव्हा घर दीड मजल्याचे होते. १८५५-५६ मध्ये त्यावर पूर्ण दुसरा मजला चढला. मेरीला माहेरहून मिळालेली जमीन विकून आलेला पैसाही त्यात गेला, असे सांगतात. रुंद काठाची टोपी घातलेल्या रेंजर बाई आम्हाला खोल्या दाखवत होत्या. दर्शनी दिवाणखाना, मागची बसायची खोली, स्वयंपाकघर, लोखंडी चूल. अंगणात मागे संडास, अगदी आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत असायचा तसाच, घरापासून लांब.

जिन्यापाशी आल्यावर रेंजर बाई म्हणाल्या, "घरातल्या कशालाही हात लावू नका, पण हा कठडा धरूनच चढा. हा मूळचाच आहे. लिंकन यांचा हात यावरूनच फिरत असे." सगळ्यांनी मोठ्या श्रद्धेने कठडा धरला. माझ्या मनात आले, सतरा वर्षे या जिन्यावरून सर्वांत जास्त वेळा चढउतार कोणी केली असेल? वकिलीसाठी लिंकन वर्षातले कित्येक आठवडे तालुक्या-तालुक्यांच्या कोर्टांत फिरत असत. आजारी मुलाला खांद्यावर घेऊन, पाण्याची बादली घेऊन, रात्री दिवा घेऊन जिना चढली असेल ती मेरी.

या दांपत्याला चार मुलगे झाले. रॉबर्ट, एडी, विली आणि टॅड. दुसरा, एडी, याच घरात १ फेब्रुवारी १८५० रोजी गेला. चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. बावन्न दिवस तो अंथरुणाला खिळून होता, असे लिंकन यांनी आपल्या सावत्र भावाला पत्रातून कळवले होते. हा आकडा ऐकून आम्ही दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिले. दिवस कोण मोजतो, हे आम्हाला माहीत आहे.

त्याच दिवाणखान्यात १९ मे १८६० रोजी रात्री शिकागोहून पक्षाची मंडळी आली आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी तुमची निवड झाली, असे लिंकन यांना त्यांनी अधिकृतपणे कळवले. मेरीच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस असावा. नवऱ्यातली ताकद तिने सर्वांच्या आधी ओळखली होती. ही १९ मे तारीखही लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

जी मातीला पोचली नाही

११ फेब्रुवारी १८६१ रोजी लिंकन यांनी स्प्रिंगफिल्ड सोडले. स्टेशनवरच्या छोट्या भाषणात त्यांनी गावकऱ्यांना आठवण दिली की माझी मुले इथे जन्मली आणि त्यांतले एक इथेच पुरले आहे. पुढची चार वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला. त्या युद्धाची झळ आणि उबही आपल्याकडे पोचली. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो ओसरलाही. टिकले ते वेगळेच. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. मराठीच्या तासाला मी हे दरवर्षी सांगते. स्प्रिंगफिल्डच्या फळ्यांवरून चालताना पुणे इतके जवळ वाटेल, असे वाटले नव्हते.

मेरीसाठी ती चार वर्षे आणखी कठीण होती. तिचे सावत्र भाऊ दक्षिणेच्या बाजूने लढत होते. त्यामुळे उत्तरेत तिला हेर म्हणत आणि माहेरी फितूर. २० फेब्रुवारी १८६२ रोजी व्हाइट हाउसमध्येच अकरा वर्षांचा विली तापाने गेला. त्या काळात तिला सांभाळले एलिझाबेथ केकली या शिवणकाम करणाऱ्या बाईने. केकली स्वतः गुलाम म्हणून जन्मलेली. १८५५ साली १२०० डॉलर मोजून तिने स्वतःची आणि मुलाची सुटका करून घेतली होती. लिंकन यांनी घरासाठी जेवढी रोख रक्कम दिली, तेवढीच दोन जिवांची किंमत! केकलीचा तो एकुलता मुलगाही युद्धाच्या पहिल्याच वर्षी कामी आला होता. दोन आया, एकीच्या कपड्यांची मापे घेणारी दुसरी, आणि दोघींची पोरे मातीत.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटक बघताना लिंकन यांना गोळी लागली. मेरी शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी त्यांनी प्राण सोडला. २१ एप्रिलला वॉशिंग्टनहून निघालेली शोकाची आगगाडी गावोगाव थांबत ३ मे रोजी स्प्रिंगफिल्डला पोचली. गाडीत दोन शवपेट्या होत्या, एक लिंकन यांची आणि एक छोट्या विलीची. मेरी मात्र त्या गाडीत नव्हती. ती वॉशिंग्टनमध्ये अंथरुणावर पडून होती, पाच आठवडे उठलीच नाही. नवऱ्याच्या दफनाला ती पोचू शकली नाही.

हे मी आपाला वाचून दाखवत होते. आपा काही बोलली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

लोकांची पाठ जिच्याकडे असते

दुपारी आम्ही ओक रिज कब्रस्तानात गेलो. झाडांनी भरलेल्या टेकड्या, मधून वळणारे रस्ते आणि त्यात ग्रॅनाइटचे उंच स्मारक, ११७ फुटांचे. जागा ही मेरीचीच निवड. गावच्या पुढाऱ्यांनी गावाच्या मधोमध दफनाची तयारी चालवली होती, बांधकामही सुरू केले होते. मेरीने वॉशिंग्टनहून बजावले, ओक रिजमध्येच दफन करा, नाहीतर मी त्यांना दुसऱ्या शहरात नेईन. पुढाऱ्यांना नमावे लागले. बाई हट्टी आहे, अशी तेव्हापासून गावात बोलवा झाली. नवऱ्याला शांत जागी ठेवा, एवढेच तिचे मागणे होते.

स्मारकासमोर लिंकन यांचे ब्राँझचे डोके आहे. माउंट रशमोरचे डोंगर कोरणाऱ्या गट्झन बोरग्लम यांनी घडवलेले. येणारा प्रत्येकजण नशीब उजळावे म्हणून त्याच्या नाकाला हात लावतो, त्यामुळे नाक सोन्यासारखे चकचकीत झाले आहे. दुल्हेभाईंनीही हात वर केला आणि आपाने नजर वटारताच खाली घेतला.

आत अर्धवर्तुळाकार, संगमरवरी गल्ली आहे. शेवटी एका खोलीत लाल दगडाची मोठी शिळा आहे, तिच्यावर लिंकन यांचे नाव आणि सालं. देह मात्र शिळेत नाही, तिच्याखाली दहा फूट खोल आहे. १८७६ साली खोट्या नोटा छापणाऱ्या टोळीने शवपेटी पळवून सरकारकडून २ लाख डॉलर उकळण्याचा घाट घातला होता. तो फसला. पण रॉबर्टने धसका घेतला आणि १९०१ मध्ये पेटी लोखंडी पिंजऱ्यात ठेवून वरून काँक्रीट ओतून घेतले. मेल्यावरही माणसाला सुखाने झोपू देत नाहीत!

सगळे लोक शिळेकडे तोंड करून उभे होते, फोटो काढत होते. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीत, समोरासमोर, चार नावे कोरलेली आहेत. मेरी, एडी, विली, टॅड. मी तिथे पाच-दहा मिनिटे उभी होते. तेवढ्या वेळात भिंतीकडे वळून बघणारे फार थोडे दिसले.

काही मिनिटांचा निकाल

धाकटा टॅड १५ जुलै १८७१ रोजी शिकागोत गेला. अठरा वर्षांचा होता. आता मेरीला रॉबर्ट एकटाच उरला. १८७५ च्या मार्चमध्ये ती फ्लोरिडात असताना रॉबर्ट मरणाच्या दारात आहे, असे तिच्या मनाने घेतले. तारांवर तारा केल्या आणि मिळेल त्या गाडीने ती शिकागोला आली. रॉबर्ट ठणठणीत होता. मग ती हॉटेलात राहू लागली. घर नसताना पडदे विकत घेई. रात्री खोलीबाहेर फेऱ्या मारी. पन्नास हजार डॉलरहून अधिक किमतीचे रोखे कपड्यांत शिवून अंगावर बाळगी.

१९ मे १८७५ रोजी माणसे हॉटेलच्या दारात आली आणि तिला थेट कोर्टात घेऊन गेली. आधी सूचना नाही, तयारीला वेळ नाही. दिवाणखान्यात ती आनंदाची बातमी आली होती, त्याला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती. तक्रारदार होता तिचा मुलगा रॉबर्ट. हॉटेलच्या मोलकरणी, दुकानदार, डॉक्टर असे सतरा साक्षीदार झाले. तिच्या बाजूचा वकीलही रॉबर्टच्याच मंडळींनी ठरवला होता. त्याने एकही साक्षीदार उभा केला नाही. रॉबर्ट साक्ष देताना रडला. बारा पुरुषांच्या ज्युरीने काही मिनिटांत निकाल दिला, बाई वेडी आहे. तिला शिकागोच्या पश्चिमेला बटाव्हिया गावातल्या खासगी वेड्यांच्या दवाखान्यात पाठवण्यात आले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्युरीपुढे सुनावणी तरी झाली, तीही एका बाईच्या लढ्यामुळे. एलिझाबेथ पॅकार्ड या पाद्र्याच्या बायकोला नवऱ्याने १८६० साली स्प्रिंगफिल्डच्या पश्चिमेला जॅक्सनव्हिलच्या वेड्यांच्या दवाखान्यात डांबले होते. धर्माबाबत तिचे मत नवऱ्याच्या मतापेक्षा वेगळे, हा तिचा गुन्हा. तेव्हाच्या कायद्याने बायकोसाठी नवऱ्याचे म्हणणे पुरेसे होते. तीन वर्षांनी सुटल्यावर तिने कोर्टात आपण शहाण्या असल्याचे सिद्ध केले आणि झगडून १८६७ मध्ये कायदा बदलून घेतला.

मेरीनेही हार मानली नाही. तिने दवाखान्यातून मायरा ब्रॅडवेल या मैत्रिणीला गाठले. मायरा कायद्याची परीक्षा पास झालेली, पण बाई म्हणून तिला वकिलीची सनद नाकारलेली, आणि १८७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नकार कायम केलेला. या सनद नसलेल्या वकिलीणबाईंनी पत्रे लिहून, वर्तमानपत्रांत आवाज उठवून चार महिन्यांच्या आत मेरीला बाहेर काढले. १५ जून १८७६ रोजी दुसऱ्या ज्युरीने ती शहाणी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ती फ्रान्सला निघून गेली आणि चार वर्षे एकटी राहिली.

रॉबर्ट वाईट मुलगा होता का? इतिहासकारांत यावर आजही दोन मते आहेत. तिला खरोखर त्रास होता. डोकेदुखी होती, उधळपट्टी होती, मेलेल्या मुलांशी बोलवून देतो म्हणणाऱ्यांच्या ती नादी लागली होती. आईचा पैसा कोणी लुबाडेल, तिला काही होईल, ही भीती रॉबर्टला होती. पण तिच्यासमोर बसून, अम्मा, तुला काय होतंय, असे त्याने आधी विचारले असते तर?

अम्मीच्या चाव्या

हे लिहिताना मी इथे थांबले होते. पुढचे लिहावे की नाही, असे दोन दिवस वाटत राहिले.

आमचा सर्वांत धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर अम्मी बदलली. ती त्याच्या मापाचे शर्टाचे कापड आणू लागली. रोज एक भाकरी फडक्यात बांधून ठेवी. रात्री दोन वाजता आम्हाला फोन करी, "सब ठीक है ना?" पैसे उशीत शिवून ठेवी. सहा महिन्यांनी भावांनी सगळ्यांना घरी बोलावले. अम्मीचे डोके फिरले आहे, असे ठरले. कपाटाच्या चाव्या आणि पासबुक काढून घेतले. तिला मागच्या खोलीत हलवले. डॉक्टरकडे नेण्याची गोष्ट निघाली, पण लोक काय म्हणतील, म्हणून राहून गेली. आपा फोनवर होती, म्हणाली, "तुम्ही तिथं आहात, बरोबर वाटेल ते करा." मी समोर बसले होते. घरात सर्वांत शिकलेली मी, मास्तरीण. मी मान डोलावली.

अम्मी दाराआड उभी राहून सगळे ऐकत होती. नंतर मी चहा घेऊन गेले तेव्हा तिने आधी विचारले, "मेरी चाब्यां कां हैं गे?" मी गप्प. मग म्हणाली, "मुझे कोई पूछे क्या?"

पुढे चार वर्षे ती जगली. हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही आणि मीही उत्तर दिले नाही.

ओक रिजच्या त्या भिंतीपुढे आपाच पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मी एवढंच म्हणायला हवं होतं, अम्मीला फोन द्या." मी तिचा हात धरला. इतकी वर्षे आम्ही दोघींनी हे एकमेकींपासूनही लपवले होते. बाहेर येऊन झाडाखाली बसलो आणि अम्मीसाठी दुआ केली. दुल्हेभाई पाण्याच्या बाटल्या घेऊन लांबच उभे राहिले. समजूतदार माणूस.

बटाव्हियाची खोली

परतीच्या आधी एक दिवस आम्ही बटाव्हियाला गेलो. आपाच्या घरापासून मोटारीने जेमतेम अर्धा तास. फॉक्स नदीच्या काठचे सुबक गाव. दवाखान्याची ती चुनखडी दगडाची इमारत अजून उभी आहे, तिथे आता लोक बिऱ्हाडे करून राहतात. जुन्या रेल्वे स्टेशनात गावाचे संग्रहालय आहे आणि तिथे मेरीच्या खोलीतला पलंग आणि आरशाचे कपाट ठेवले आहे. पलंग मोठा, लाकडी, सुबक आहे. खोलीही चांगली होती म्हणतात, फिरायला घोडागाडी मिळे. मागच्या खोलीत अम्मीलाही पंखा होता, टीव्ही होता, वेळेवर जेवण होते. आम्ही स्वतःची हीच समजूत घालत होतो.

मेरी १८८० मध्ये परत आली आणि स्प्रिंगफिल्डला थोरल्या बहिणीकडे राहिली. ट्रंकांनी भरलेल्या, पडदे ओढलेल्या खोलीत. १८८१ मध्ये रॉबर्ट आपल्या लहान मुलीला घेऊन तिला भेटायला आला आणि मायलेकांत समेट झाला. १५ जुलै १८८२, टॅडच्या मृत्यूचा दिवस. त्या दिवशी ती कोसळली आणि दुसऱ्या दिवशी, १६ जुलैला, वारली. ज्या घरात चाळीस वर्षांपूर्वी ती नवरी झाली होती, त्याच घरातून तिची शवपेटी निघाली. रॉबर्ट पुढे मंत्री झाला, ब्रिटनमध्ये राजदूत झाला, मोठ्या कंपनीचा अध्यक्ष झाला. १९२६ मध्ये तो वारला. त्याची कबर आईवडिलांजवळ नाही, वॉशिंग्टनजवळ अर्लिंग्टनच्या सैनिकी कब्रस्तानात आहे. चार भावांतला तो एकटाच दूर.

शाळा सुरू झाली तेव्हा मुलींनी विचारले, "बाई, अमेरिकेत काय बघितलं?" मी त्यांना मेरीची गोष्ट सांगितली. भिंतीवरची चौकट मी काढायला लावली नाही. पत्र कोणाचेही असो, त्यातले शहाणपण मुलांच्या कामाचे आहे. पण ते लिंकन यांचे असल्याचा पुरावा नाही, हेही आता सांगते.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी अम्मी, खाला, दादी असेल. पोर गेल्यावर, नवरा गेल्यावर जी विचित्र वागू लागली आहे. दुःखाला वेड म्हणून मोकळे होऊ नका, आणि आजार असेल तर तो लपवूही नका. मधुमेहाला डॉक्टर लागतो, तसाच मनालाही लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या देशातही रुग्णाला स्वतःच्या उपचाराबाबत बोलण्याचा, आपला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे. कायद्याच्या आधी घरातली रीत बदलायला हवी. तिच्याविषयी ठरवायला बसाल तेव्हा तिला दाराआड उभी ठेवू नका, मध्ये बसवा.

अम्मीची धाकटी बहीण, आमची खाला, शहात्तर वर्षांची आहे. अलीकडे विसरते, एकच गोष्ट तीनदा सांगते. मामेभावांनी मागच्या महिन्यात फोन केला, "खालाच्या पेन्शनचं काय करायचं ते ठरवायला या." मी गेले. सगळे जमले होते, खाला आत होती. मी आत गेले आणि तिला हाताला धरून बाहेर आणले. म्हटले, "आधी खालाला विचारू."

खालाने सगळ्यांकडे एकदा पाहिले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पहले चाय लाओ." मग ती तासभर बोलत होती.